आरशाचे गिऱ्हाईक

दिवाळीच्या अंकात चोरांविषयी लिहू नये, असा काही नियम असल्याचे माझ्या ऐकिवात नाही. फराळाचे ताट पुढे असताना माणसाने गोड तेच वाचावे, हे मलाही कबूल आहे. परंतु नेमक्या याच दिवसांत पुण्या-मुंबईच्या वसाहतींतून चकलीबरोबर एक विषय हटकून चघळला जातो, तो म्हणजे रात्री दारात उभ्या केलेल्या मोटारीचे सकाळी काय काय नाहीसे झाले! कोणाचा बाजूचा आरसा गेला, कोणाची स्टेपनी, कोणाच्या चाकांच्या टोप्या. कोणाची काच फोडून मागच्या सीटवरची पिशवी पळविली. खंडेनवमीला जिला हौसेने झेंडूची माळ घातली, तीच गाडी वसुबारसेच्या आत एक कान कापल्यासारखी उभी दिसली की गृहस्थाचा जीव कळवळतो. कळवळावाच. कष्टाचा पैसा आहे.

पण कळवळून झाले, की पुढची वाक्ये ठरलेली असतात. “वॉचमन झोपतो.” “कॅमेरे बसवा.” “पोलीस काय करतात?” “वस्ती फार बिघडली हो!” माझे भांडण या चार वाक्यांशी आहे. चारही वाक्ये दुसऱ्याकडे बोट दाखवितात, आणि या चोरीतला जो सर्वांत मोठा भागीदार, त्याचे नाव चुकूनही घेत नाहीत. हा भागीदार चांगला शिकलेला असतो, इस्त्रीचे कपडे घालतो, आणि संकष्टीला उपास करतो. त्याचे नाव गिऱ्हाईक.

अहो, चोर आरसा नेतो तो काय भांग पाडायला? त्याला त्या आरशाचा कवडीचा उपयोग नसतो. तो नेतो, कारण तो आरसा विकत घेणारा दुकानदार त्याला ठाऊक असतो, आणि दुकानदार घेतो, कारण तुमच्या-माझ्यासारखाच कोणी मोटारवाला येऊन विचारणार असतो, “जुन्यात आहे का हो एखादा? कमी किमतीत?”

हे मी हवेत बोलत नाही. ज्यांनी १९८० आणि १९९० च्या दशकांत मोटार बाळगली, त्यांना आठवत असेल की तेव्हा चोरांचा डोळा गाडीतल्या टेपवर असे. पुढे त्या टेपचा दर्शनी तुकडा निखळून काढता येऊ लागला. मग लग्नाला गेलेला गृहस्थ एका हातात अहेराचे पाकीट आणि दुसऱ्या हातात तो तुकडा घेऊन मांडवात हिंडत असे! आज ती चोरी फारशी ऐकू येत नाही. चोरांची नीती सुधारली म्हणून? मुळीच नाही. गाण्याचे यंत्र गाडीच्या अंगातच बसविलेले येऊ लागले, ते दुसऱ्या जातीच्या गाडीत बसेना, आणि गिऱ्हाईक संपले. गिऱ्हाईक संपताच चोरी ओसरली.

उलट उदाहरण हवे तर तेही आहे. मारुती ईको गाडीचे सायलेन्सर पुण्यापासून अहमदाबादेपर्यंत चोरीला जाऊ लागले, तेव्हा लोक चकित झाले. तो काळा, तापलेला नळकांडा कोणाला हवा? त्या नळीच्या वाटेवर धूर शुद्ध करणारी एक डबी असते. तिच्यात मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी, आणि त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा पातळ लेप. २०२१ साली ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या दहापटीहून वर गेला होता. सायलेन्सर काल-परवाचा नव्हता आणि चोरही नव्हते. भाव तेवढा नवा होता. भाव म्हणजे तरी काय? कोणी तरी मोजायला तयार आहे, एवढेच!

आता आमच्या सोसायटीच्या सभेची गोष्ट सांगतो. एका आठवड्यात तीन गाड्यांचे आरसे गेले, म्हणून सभा भरली. पहाटे गाड्या पुसणाऱ्या पोराला बोलावून मधोमध उभे केले आणि त्याची पिशवी जमिनीवर उलटी केली. निघाले काय? दोन फडकी, एक ब्रश आणि कागदात गुंडाळलेली पोळी. मी हरकत घेतली, तेव्हा “तुमचा आरसा गेला नाही ना, म्हणून बोलता,” असे मला ऐकविण्यात आले. त्या पोरावर सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्या सद्गृहस्थांनी पुढच्याच रविवारी जुन्या सामानाच्या दुकानातून पाव किमतीत आरसा आणला. पावती नाही, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. “कसा पटविला बघा!” म्हणून चार जणांना दाखविला. आणि चार जणांनी, हात जोडून सांगतो, त्या दुकानाचा पत्ता विचारला. पोरगा मात्र तेव्हापासून आमच्या आवारात फिरकला नाही.

बिनपावतीच्या पाव किमतीचा अर्थ कायद्याला आपल्याहून चांगला कळतो. १८६० च्या इंडियन पीनल कोडात चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होती, आणि चोरीचा माल अप्रामाणिकपणे घेणाऱ्यालाही तेवढीच! माल चोरीचा असल्याचे माहीत असणेच लागत नाही. तसे मानण्यास कारण असले तरी पुरे. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही ही बरोबरी ठेवली आहे. मात्र नव्या कायद्यांनी एक नवी गोष्ट केली: साध्या चोरीत माल पाच हजार रुपयांच्या आतला असेल, तर गुन्हा अदखलपात्र. म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या हुकुमावाचून पोलिसाला तपासाला हात घालता येत नाही. चोर पहिलटकर असून त्याने माल परत केला, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. ही दया मला पसंत आहे. पण वायपर आणि चाकाच्या टोपीसाठी पोलीस धावत येतील, ही आशा आता सोडलेली बरी.

कोणी म्हणेल, जुना माल घेणे म्हणजे काय पाप? नाही हो! मोडीत काढलेल्या गाडीचा आरसा रीतसर पावतीने मिळतो, तो खुशाल घ्यावा. आपल्या आरशावर, दिव्यांवर गाडीचा नंबर कोरून घ्यावा, म्हणजे तो दुसऱ्याच्या गाडीवर मिरविता येत नाही. लक्ष्मीपूजनाला आपण वह्यांना हळदकुंकू वाहतो. ज्या खरेदीची कोणत्याच वहीत नोंद नाही, तिला काय वाहावयाचे?

सोसायटीच्या पुढच्या सभेत आणखी सहा कॅमेऱ्यांचा विषय आहे. त्याच्याखाली मी एक ठराव दिला आहे: आवारात कोणत्याही गाडीला जुना भाग बसविताना त्याची पावती चिटणीसांना दाखवावी. ठरावाला अनुमोदक लागतो, असे चिटणीस म्हणतात. तो अजून मिळालेला नाही.