गुडघे, खुर्ची आणि सामायिक



अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर, कुठल्याही स्थानकात व्याख्यानाला जा, भिंतीकडेच्या खुर्च्या वाढतच चालल्या आहेत. पूर्वी त्या आजीबाईंसाठी असायच्या, आता पंचेचाळिशीतल्या सुनाही तिथेच दिसतात. खुर्चीवर बसणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. ४८ मिनिटे मांडी घालून मन गुडघ्यातच अडकणार असेल, तर खुर्चीवरचे शांत सामायिक बरे. माझी तक्रार वेगळी आहे. खुर्ची मिळाली की आपण पायांचा विचारच सोडून देतो.

डॉक्टरांनी "झीज" म्हटले की आपले चालणे कमी, जिने कमी, खाली बसणे बंद. पण गुडघ्याला धरून ठेवतात ते मांडीचे पुढचे स्नायू. वापर थांबला की ते रोडावतात, भार सांध्यावर येतो, दुखणे वाढते आणि आपण आणखी कमी हलतो. इथल्या लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतींत हे फार लवकर कळते. आधी दुपारचे व्याख्यान सुटते, मग प्रतिक्रमण, मग महासतीजींच्या दर्शनाला जाणेही.

काही जणी म्हणतात, देहाचे एवढे लाड कशाला? काउसग्गात तर देहाची ममता सोडायची. अहो, पण उभ्याने काउसग्ग करायला पाय नकोत का? तिक्खुत्तोच्या पाठाने तीनदा वंदना करायला गुडघे नकोत का? आणि जयणेचे काय? मांडीत ताकद नसली की बाई धपकन बसते. जागा पुंजून, बघून, सावकाश बसायचे तर स्नायूंचाच आधार लागतो. अठ्ठाई करणाऱ्या बायका आहोत आपण, रोजची १५ मिनिटे आपल्याला जड नाहीत.

गोळ्यांबद्दल एक सांगते, कारण आपल्या घरांत हे फारसे कोणी विचारत नाही. गुडघ्यासाठी घेतात ते ग्लुकोसामाइन बरेचदा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढलेले असते. कोलॅजनची पावडर जनावरांच्या कातडी-हाडांची किंवा माशांची. गुडघ्यात द्यायची काही इंजेक्शने तर कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनतात. कंदमूळ टाळणाऱ्या आपण, हे न विचारता कसे घेतो? डॉक्टरांना स्पष्ट विचारा. शिवाय ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी ग्लुकोसामाइन देऊ नका असे सांगितले आणि व्यायाम मात्र सर्वांना सुचवा असे म्हटले.

व्यायाम साधेच आहेत. पलंगावर पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि मांडी आवळून ती खाली दाबा. पाच आकडे मोजा, सोडा. असे दहा वेळा. मग उताणे पडून एक पाय गुडघ्यात वाकवा, दुसरा सरळ ठेवून साधारण फूटभर उचला, पाच आकडे थांबा, हळू खाली आणा. ओट्याला धरून टाचा उचलणे तर कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत होते. आणि माझा सर्वांत आवडता व्यायाम म्हणजे तीच खुर्ची! हात न टेकता उठायचे आणि सावकाश बसायचे. जमत नसेल तर सुरुवातीला हात टेकवा, किंवा खुर्चीवर जाड उशी ठेवा. हे सामायिक घेण्याआधी उरकावे किंवा पारल्यावर करावे, मध्ये नको.

थोडे दुखले तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशीही ठणका राहिला तर संख्या कमी करा. गुडघा सुजून गरम झाला असेल, अडकत असेल किंवा पडून मार लागला असेल तर आधी डॉक्टर. उपवासाच्या दिवशी फक्त टॉवेलवाला व्यायाम पुरे. फरक कळायला सहा-आठ आठवडे लागतात, म्हणून पर्युषणाच्या आदल्या आठवड्यात सुरू करून काही साधत नाही. चातुर्मास बसतानाच सुरू करा.

आणि स्टेशनच्या पुलावर किंवा घरच्या जिन्यावर, चढताना बरा पाय आधी टाका, उतरताना दुखरा. कठडा धरायला लाजू नका, मागच्या गर्दीला थांबू द्या.