दावणीच्या गोष्टी : उलटली नाही म्हणजे गाभण नव्हे



दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. त्याच सुमारास नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा असते. दोन्हीकडे घोड्यांचा बाजार मोठा. तेथे घोडी पाहायला गेलात की विकणारा सांगतो, "गाभण आहे. घोडा लावल्यापासून उलटली नाही." एवढ्या बोलण्यावर किंमत चढते. आपल्या घरच्या घोडीलाही आपण हेच माप लावतो. पण घोडीच्या बाबतीत हे माप फसवे आहे, आणि फसगत झाली तर सबंध वर्ष वाया जाते. म्हणून आज घोडीच्या सोनोग्राफीविषयी थोडे सविस्तर पाहू.

घोडी कशी फसवते?

घोडी साधारणपणे दर एकवीस-बावीस दिवसांनी माजावर येते आणि पाच ते सात दिवस माजावर राहते. शेपटी उचलणे, वरचेवर थोडी थोडी लघवी करणे, घोडा जवळ येताच शांत उभे राहणे ही तिची लक्षणे. घोडी फळली तर ती पुन्हा माजावर येत नाही, हे खरे. पण माजावर आली नाही म्हणून ती फळलीच, असे मात्र म्हणता येत नाही.

याचे एक कारण नीट समजून घ्यावे. गर्भ राहिल्यावर छत्तीस-सदतीस दिवसांच्या सुमारास गर्भाच्या आवरणातील काही पेशी गर्भाशयाच्या अस्तरात शिरतात आणि तेथे वाटीसारख्या लहान लहान गाठी तयार होतात. या गाठींतून एक संप्रेरक घोडीच्या रक्तात उतरते. पुढे काही कारणाने गर्भ मेला, तरी या गाठी चौथ्या महिन्यापर्यंत आपले काम करीतच राहतात. तोवर घोडी बहुधा नीट माजावर येत नाही. त्या संप्रेरकासाठी रक्त तपासले, तर तपासणीही "गाभण" असेच सांगते. मालक निर्धास्त असतो, तोबऱ्यात खुराक वाढवतो, चाऱ्याने पोट सुटते. अकरा महिने भरतात आणि शिंगरू काही येत नाही.

यंत्र काय दाखवते?

सोनोग्राफीच्या यंत्रातून आपल्या कानाला ऐकू न येणारा ध्वनी शरीरात सोडतात. तो आत आदळून परत येतो आणि त्यावरून पडद्यावर चित्र उमटते. पाणी काळे दिसते, हाड पांढरे दिसते. घोडीचा कोवळा गर्भ पाण्याच्या गोल पिशवीत असतो, त्यामुळे तो काळ्या ठिपक्यासारखा चटकन ओळखू येतो. 1980 साली फ्रान्समधील संशोधकांनी घोडीच्या तपासणीसाठी ही पद्धत प्रसिद्ध केली. त्याआधी डॉक्टर गुदद्वारातून हात घालून गर्भाशय चाचपत, आणि खात्रीने सांगायला महिनाभर तरी थांबावे लागे. आता पंधराव्या दिवशी उत्तर मिळते.

तीन तारखा

घोडा शेवटचा लावला ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर त्याच दिवशी लिहावी. समजा, ती 10 फेब्रुवारी आहे.

पहिली तपासणी चौदाव्या-पंधराव्या दिवशी, म्हणजे 25 फेब्रुवारीच्या सुमारास. गर्भाची पिशवी या वेळी बोराएवढी असते. घोडी रिकामी निघाली तर 3 मार्चच्या सुमारास येणारा माज हुकत नाही.

दुसरी तपासणी अठ्ठाविसाव्या दिवशी, 10 मार्चला. गर्भाच्या हृदयाची फडफड या वेळी पडद्यावर दिसते. गर्भ आहे एवढेच नव्हे, तर तो जिवंत आहे हे येथे कळते.

तिसरी पंचेचाळिसाव्या दिवशी, 27 मार्चला. सुरुवातीचे काही गर्भ याच काळात जिरून जातात, म्हणून पुन्हा खात्री करावयाची.

सारे ठीक असेल तर सुमारे 340 दिवसांनी, 16 जानेवारीच्या आसपास, घोडी विते. दोन-तीन आठवडे मागेपुढे होणे स्वाभाविक आहे.

जुळे हा आनंद नव्हे

शेळीला दोन करडे झाली तर आपण खूश होतो. घोडीचे तसे नाही. तिच्या गर्भाची वार सबंध गर्भाशयाच्या अस्तराला चिकटून पोषण घेते. दोन गर्भ राहिले तर जागा वाटली जाते आणि दोघेही उपाशी राहतात. बहुतेक वेळा घोडी पुढच्या महिन्यांत गाभडते किंवा अशक्त शिंगरे जन्मतात. घोडीच्या जिवालाही धोका असतो.

पहिल्या तपासणीचे खरे मोल येथे आहे. सोळाव्या दिवसापर्यंत गर्भाची पिशवी गर्भाशयात इकडून तिकडे फिरत असते. त्यानंतर ती एका जागी बसते. फिरत असतानाच डॉक्टर दोन पिशव्या एकमेकींपासून दूर करून एक दाबून फोडू शकतात, आणि दुसरी सुखरूप वाढते. दोन्ही शेजारी शेजारी बसल्या की हे काम अवघड होते. दोन-चार दिवसांचा आळस येथे महागात पडतो.

कधी कधी गर्भाशयात पाण्याची साधी गाठ असते आणि ती गर्भासारखीच दिसते. घोडा लावण्यापूर्वी एकदा तपासणी केलेली असली तर डॉक्टरांचा गोंधळ होत नाही.

तपासणीच्या दिवशी

यंत्राची कांडी गुदद्वारातून आत घालावी लागते. घोडीचे आतडे गाईपेक्षा नाजूक असते. तिने उसळी मारली आणि ते फाटले तर जीव जाऊ शकतो. म्हणून घोडी मजबूत खोड्यात उभी करावी, तिच्या ओळखीचा माणूस तोंडाशी ठेवावा, शिंगरू असेल तर ते तिला दिसेल असे धरावे. भुलीचे औषध द्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील. हे काम पदवीधर पशुवैद्याचेच आहे. बाजारात यंत्र घेऊन फिरणाऱ्या कोणाच्याही हाती घोडी देऊ नये.

जिल्ह्याच्या पशुसर्वचिकित्सालयात यंत्राची चौकशी करावी. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. तेथेही विचारता येईल.

घेताना

गाभण म्हणून घोडी घेत असाल तर घोडा लावल्याची तारीख विचारा. तपासणीचा डॉक्टरांच्या सहीचा कागद मागा आणि त्यावरची तारीख पाहा. कागद तीन महिन्यांपूर्वीचा असेल तर पैसे मोजण्यापूर्वी पुन्हा तपासून घ्या. ज्याची घोडी खरोखर गाभण आहे, तो या तपासणीला नाही म्हणणार नाही.

आणि एक. नंतरच्या महिन्यांत मायांगातून स्राव दिसला, किंवा वेळेच्या फार आधी कास भरू लागली, तर वाट न पाहता डॉक्टरांना बोलवावे. वार सुजली आहे का, हेही याच यंत्रावर पाहता येते आणि वेळेवर उपचार सुरू होतात.

घोडी विण्याच्या रात्री काय तयारी ठेवावी, ते पुढील लेखात.