ईमच्या वेशीवरचा दगड

इंग्लंडमधील जुने खेडे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. दगडी घरे, दारावर चढलेले गुलाब, मधोमध जुने चर्च आणि भोवती हिरवी कुरणे. प्रवासी तेथे जातात, छायाचित्रे काढतात, चहा घेतात आणि 'काय जपले आहे हो यांनी!' म्हणत परततात. जपणुकीचे कौतुक व्हायलाच हवे. पण गाव जपणे म्हणजे केवळ घरे जपणे काय? डर्बीशायर परगण्यातील ईम या गावाचा इतिहास वाचला की या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच द्यावे लागते.

1665 साली लंडनमध्ये प्लेगने थैमान घातले होते. तेथून ईमच्या एका शिंप्याकडे कापडाचे गाठोडे आले. परंपरा सांगते की कापड दमट होते, म्हणून त्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्स याने ते शेकोटीपुढे वाळत घातले. त्यातील पिसवांनी आपले काम केले. 7 सप्टेंबर रोजी व्हिकर्स दगावला आणि मग मृत्यू घराघरांतून फिरू लागला. पुढच्या उन्हाळ्यात साथ पुन्हा भडकली, तेव्हा जून 1666 मध्ये गावाने ठरवले की वेस ओलांडून कोणी बाहेर जायचे नाही. चर्च बंद करून प्रार्थना जवळच्या उघड्या दरीत होऊ लागली. प्रत्येक घराने आपले मृत आपणच पुरायचे, असाही निर्णय झाला. एलिझाबेथ हॅनकॉक या स्त्रीने आठ दिवसांत आपला पती व सहा मुले गमावली आणि त्यांना घराजवळच्या शेतात स्वतःच्या हातांनी पुरले. नोव्हेंबरमध्ये साथ थांबली तोवर सुमारे 260 माणसे गेली होती.

वेशीवर एक दगड आजही आहे. त्याला खड्डे पाडलेले आहेत. गावकरी त्यांत व्हिनेगर ओतून नाणी ठेवीत. शेजारच्या गावचे लोक धान्य ठेवून ती नाणी उचलीत. ना पहारेकरी, ना तुरुंग. मध्ये फक्त एक दगड!

या कथेला 'त्यागाची गाथा' म्हणण्याची प्रथा आहे. मला मात्र ती अपुरी वाटते. त्याग हा शब्द उच्चारला की आपण हात जोडतो आणि विचार करणे थांबवतो. लोक थांबले, पण का थांबले, हे विचारले पाहिजे. गावचा धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन हा तरुण व नवखा होता. लोकांचा त्याच्यावर फारसा भरवसा नव्हता. भरवसा होता तो पूर्वीचा धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली याच्यावर, आणि त्याला तर धार्मिक मतभेदांमुळे पदावरून दूर केलेले होते. हे दोघे भांडण बाजूस ठेवून एकत्र उभे राहिले. चॅट्सवर्थच्या अर्ल ऑफ डेव्हनशायरने अन्न पुरवण्याची हमी दिली. मॉम्पेसन स्वतः गावातच राहिला. त्याची पत्नी कॅथरिन ऑगस्टमध्ये प्लेगनेच गेली. सांगणारे सोबत होते आणि पोटाची सोय होती, म्हणून लोकांनी ऐकले.

याला दुसरी बाजूही आहे. काही सधन कुटुंबे आधीच निघून गेली होती. मॉम्पेसनने आपली मुले बाहेर पाठवली होती. ज्याला जायला दुसरे घरच नाही, त्याच्या थांबण्याला स्वेच्छा म्हणावे का? हा प्रश्न ईमच्या थोरवीला उणेपणा आणत नाही; उलट ती माणसांची गोष्ट होती, देवदूतांची नव्हे, याची आठवण देतो.

आणि येथे मराठी वाचकाला पुणे आठवल्यावाचून राहत नाही. त्याच इंग्रजांच्या राज्यात, 231 वर्षांनी, 1897 साली पुण्यात प्लेग आला. तेव्हा हाती साथरोग कायदा होता, रँडसाहेब होता आणि घराघरांत शिरणारे गोरे सोल्जर होते. नव्हता तो फक्त विश्वास. माजघरापर्यंत बूट गेले आणि लोकांनी रोगी लपवले. 22 जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी त्याच पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना मरण आले. सत्तेला जे जमले नाही ते सेवेने करून दाखवले. तोच कायदा 2020 साली कोरोनाच्या वेळी पुन्हा हाती घेण्यात आला, तेव्हा शेकडो मैल पायी निघालेले मजूर आपण सर्वांनी पाहिले. त्यांना 'घरीच थांबा' असे सांगितले गेले होते. वेशीवर धान्य मात्र वेळेवर पोहोचले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की ऐतिहासिक गाव पाहायचे ते डोळ्यांना सुख देण्यासाठी नव्हे, तर आपल्याला अडचणीत टाकणारे प्रश्न सोबत आणण्यासाठी. ईममध्ये ज्या घरांत माणसे गेली त्या घरांवर त्यांच्या नावांच्या पाट्या लावलेल्या आहेत. त्या घरांत आजही लोक राहतात, आणि दर ऑगस्टच्या अखेरच्या रविवारी गाव आपल्या मृतांचे स्मरण करते. धर्मगुरूंबरोबर शिंप्याचा मदतनीसही तेथे नावानिशी आठवला जातो. आपल्या गावांनी कितीतरी साथी सोसल्या. त्यांत गेलेल्यांची नावे कोणत्या भिंतीवर आहेत?

समाजाकडे त्याग मागण्याचा अधिकार कोणाला, याचे उत्तर ईमच्या त्या मुक्या दगडाने देऊन ठेवले आहे: जो वेशीच्या आत राहतो आणि जो वेशीवर भाकरी ठेवतो, त्यालाच.