ताट अर्जावर मिळू नये

सरकारी शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा विषय निघाला की आपल्या समाजात एक वाक्य हमखास ऐकू येते. "सगळ्यांनाच फुकट कशाला? ज्यांना गरज असेल त्यांनी अर्ज करावा, उत्पन्नाचा दाखला जोडावा आणि घ्यावे." गणेशोत्सवाच्या मंडपात, लग्नाच्या पंगतीत, निवडणुकीच्या दिवसांत तर ते अधिकच जोरात बोलले जाते. बोलणारे शिकलेले, कर भरणारे, सज्जन लोक असतात, आणि वाक्य ऐकायला न्यायाचेही वाटते. तरीही ते चूक आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी वस्तुस्थिती पाहू. आज आपल्या देशात सरकारी व अनुदानित शाळेत पहिली ते आठवीच्या मुलाला या जेवणासाठी उत्पन्नाचा दाखला द्यावा लागत नाही. बाप काय कमावतो, जात कोणती, रेशनकार्ड कुठले, यावर ताट ठरत नाही. मूल शाळेत आले, पंगतीत बसले, जेवले. हे आपोआप घडलेले नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने योजना सुरू केली तेव्हा बहुतेक राज्यांत महिन्याला ३ किलो कोरडे धान्य मिळे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले की शिजवलेले अन्न द्या आणि वर्षातले किमान २०० दिवस द्या. २००८ पासून देशभर आठवीपर्यंतची मुले त्यात आली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने हे जेवण मुलाचा हक्क झाले. २०२१ साली योजनेचे नाव पीएम पोषण झाले. नाव बदलले तरी हक्क तोच आहे.

आता आपल्या घरची गोष्ट. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि तिचे लष्कर झाले. त्या छावणीबरोबर आणि पुढेही पिढ्यान्‌पिढ्या आपली घराणी इथे येत राहिली. आपल्यापैकी अनेक घरांत कोणी आजोबा-पणजोबा माधुकरी मागून, वार लावून शिकल्याची आठवण अभिमानाने सांगितली जाते. तो अभिमान रास्तच आहे. पण वार लावणे म्हणजे काय होते? दारोदार जाऊन विचारायचे, कोणाची तरी ओळख सांगायची, यजमानांची मर्जी सांभाळायची. एखादा वार मोकळा राहिला तर त्या दिवशी उपास. तो अर्जच होता, फक्त कागदावर नव्हता. आणि तो अर्ज करण्याची सोयसुद्धा मुख्यतः ब्राह्मणांच्या मुलांनाच होती. कुणब्याच्या, कारागिराच्या, दलिताच्या मुलाला विचारायला दारच नव्हते. म्हणून तर राजर्षी शाहू महाराजांना १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभारावी लागली आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींची मुले एका छपराखाली आणली. ज्यांच्या पूर्वजांनी वारांचे अन्न खाल्ले, त्यांनीच आज दुसऱ्याच्या लेकराकडे दाखला मागावा, हे शोभत नाही.

अर्जाची पद्धत प्रत्यक्षात कशी चालते हे पाहायचे तर अमेरिकेकडे पाहावे. आपल्या अनेकांची मुले-नातवंडे तिथे आहेत. तिथल्या सरकारी शाळांत १९४६ च्या कायद्यापासून जेवणाची योजना आहे, पण ती उत्पन्नावर बेतलेली. सरकारी दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर जेवण मोफत, १८५ टक्क्यांपर्यंत सवलतीत आणि त्याहून वर असेल तर पूर्ण पैसे. हिशेब नेटका दिसतो. पण कोणाला फॉर्म समजत नाही, कोणाला भाषा येत नाही, कोणाला लाज वाटते. उत्पन्न मर्यादेच्या थोडे वर गेले की सवलत गेली. मग उधारी साचते आणि तिचा राग मुलावर निघतो. पैसे थकले म्हणून मुलाच्या हातचे गरम जेवण काढून घेण्याचे प्रकार इतके झाले की २०१७ साली न्यू मेक्सिको राज्याला ते थांबवण्यासाठी कायदा करावा लागला. २०१० च्या कायद्याने गरीब वस्तीतल्या शाळांना फॉर्म न घेता सर्वांना जेवू घालण्याची मुभा मिळाली आणि २०२२ पासून कॅलिफोर्नियाने तर सगळ्याच सरकारी शाळांत ही भानगड संपवली. म्हणजे ज्या रस्त्याने आपण जावे असे आपले लोक म्हणतात, त्या रस्त्यावरून ते लोक परत फिरू लागले आहेत.

आपल्याकडेही हा प्रयत्न झालेला आहे. २०१७ च्या फेब्रुवारीअखेर केंद्राने या जेवणासाठी आधार क्रमांकाची अट घालणारी अधिसूचना काढली. देशभर ओरड झाली, तेव्हा आठवड्याभरात खुलासा करावा लागला की आधार नाही म्हणून कोणालाही वंचित ठेवले जाणार नाही. ओरड झाली नसती तर काय झाले असते, याचा विचार करावा.

आणि फुकट्या श्रीमंतांची भीती तरी कोणाला घालता? श्रीमंताचे मूल त्या शाळेत आहेच कुठे? आपण सर्वांनी आपापली मुले तिथून केव्हाच काढली. मागे उरली ती धुणीभांडी करणाऱ्या बाईची, हमालाची, टेम्पोचालकाची मुले. दाखला मागितला तर चाळण लागेल ती गरिबांनाच.

याउलट, ज्याने अर्ज केला त्याचे ताट जाते असाही प्रकार आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी असतात. त्यासाठी मध्य प्रदेशात ऑनलाइन अर्ज, कागदपत्रे, सोडत हे सगळे पार करावे लागते. नंबर लागला की घरात आनंद होतो. पण अन्न सुरक्षा कायद्यातले जेवण विनाअनुदानित खासगी शाळेला लागू नाही. सरकारी शाळेत जे मूल पोटभर जेवत होते, तेच मूल चांगल्या शाळेत गेले म्हणून मधल्या सुट्टीत इतरांच्या डब्यांकडे पाहत बसते. तसेच नववीचे. वाढत्या वयात, मुलींना तर सर्वांत जास्त गरज असताना, आठवी संपली की ताट बंद. तामिळनाडू आणि कर्नाटकात दहावीपर्यंत जेवण मिळते. आपल्या राज्याला का जमू नये?

यावर आक्षेप येतो की जेवण निकृष्ट असते, मध्येच खाल्ले जाते. आक्षेप खोटा नाही. २०१३ साली बिहारमध्ये विषारी जेवणाने २३ मुले दगावली, हे विसरता येत नाही. पण त्यावर उपाय म्हणजे पंगत लहान करणे नव्हे. मे २०२५ पासूनच्या दरानुसार डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन मिळून प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे धरले आहेत. बाड्यावरच्या एका कचोरीचे पैसे आठवून पाहा! जे ताट फक्त गरिबाचे असते त्याची चौकशी कोणी करत नाही. सर्वांचे असेल तरच त्यावर सर्वांची नजर राहील.

तेव्हा आमच्या मागण्या अशा :

१. शाळेतल्या जेवणाला उत्पन्नाची, आधारची वा कुठल्याही ओळखपत्राची अट कधीही लागू नये.

२. मध्य प्रदेशात हे जेवण दहावीपर्यंत मिळावे.

३. २५ टक्क्यांतून खासगी शाळेत गेलेल्या मुलाच्या फीबरोबर त्याच्या जेवणाचाही भार सरकारने उचलावा. आणि त्या शाळेत सर्व मुले एकत्र जेवावीत, त्याला वेगळे बसवू नये.

आपल्यालाही करण्यासारखे पुष्कळ आहे. योजनेत तिथिभोजनाची सोय आहे. घरचे श्राद्ध, वाढदिवस, मुंज यानिमित्त जवळच्या सरकारी शाळेत एक गोड पदार्थ द्यावा आणि तिथेच मुलांबरोबर पंगतीत बसून जेवावे. अन्न कसे असते ते तेव्हाच कळेल. २०१५ च्या नियमांनुसार सलग तीन दिवस जेवण मिळाले नाही तर जबाबदारी निश्चित करावी लागते. असे घडले तर मंगळवारच्या जनसुनवाईत कलेक्टरांपुढे लेखी तक्रार द्यावी. आणि समाजाच्या मंडळांनी गरजू विद्यार्थ्यांना मदत करताना त्यांना व्यासपीठावर उभे करून फोटो काढणे, नावे वाचून दाखवणे कायमचे बंद करावे. मदत उजव्या हाताने द्यावी, डाव्या हाताला कळू नये, हे आपण मुलांना शिकवतो. ते मंडळातही पाळावे.

यापुढे कोणताही उमेदवार, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, मत मागायला दारी आला की वरच्या तीन मागण्यांवर त्याचे उत्तर घ्यावे. मराठी मतांची आठवण त्यांना निवडणुकीच्या वेळी बरोबर होते. आपणही त्याच वेळी विचारावे.