डफडं फेकलं ते बरोबरच होतं



यंदाच्या जयंतीच्या बैठकीत मी एवढंच म्हटलं की डीजे नको, मातंग वस्तीतली डफड्याची मंडळी सांगू. बैठक पेटली. "कायले पायजे ते डफडं? आज्यानं फेकलं ना आपल्या!" एकानं तर मला मनुवाद्यांचा हस्तकच ठरवलं. इतकी जलद बढती मला नोकरीतही मिळाली नव्हती.

फेकलं हे खरं. माझ्याच आज्यानं फेकलं. चिमूरजवळच्या आमच्या गावची दवंडी त्याच्याकडं होती. हुकूम आला की उपाशी असो, तापानं फणफणत असो, डफडं गळ्यात अडकवायचं आणि ओरडत फिरायचं. मोबदला म्हणजे शिळी भाकर, तीही वरून टाकलेली. मेलेल्या ढोराच्या कातड्यावर जिता माणूस बडवला जात होता. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली. आजा बंडीनं गेला, परत आला आणि डफडं चुलीत घातलं. कातड्याचा वास दोन दिवस घरात होता, आजी सांगायची. त्याला जाब विचारायची माझी लायकी नाही.

पण त्यानं जाळलं काय? हुकूम जाळला. ठोका नाही जळला. म्हातारपणी कुठं भीमगीत लागलं की खाटेच्या लाकडावर त्याची बोटं चालायची. आम्ही पोरं हसायचो.

आता चिमूरचंच घ्या. १६ ऑगस्ट १९४२ ला इथं उठाव झाला. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीनं हे रान पेटवलं, हे इथलं शेंबडं पोरगंही सांगतं. त्यापायी महाराजांना तुरुंग झाला. खंजिरीवर कातडं, डफड्यावरही कातडं. एक देवळात जातं, भाषणात मिरवतं. दुसरं वरातीपुढं दारुड्यांच्या शिव्या खातं. महाराज शिवाशिवीविरुद्ध बोलले, माझं भांडण त्यांच्याशी नाही. सवाल गावाला आहे : विटाळ कातड्याला नाही, मग कशाला? वाजवणाऱ्या हाताला.

पँथर हे नाव आपण १९७२ ला अमेरिकेतल्या काळ्यांवरून घेतलं. त्यांच्या ढोलाचं काय झालं ते विचारलं नाही. १७३९ ला दक्षिण कॅरोलायनात गुलामांनी ढोल बडवत बंड केलं. १७४० ला मालकांनी कायदाच करून त्यांचे ढोल बंद केले. आपल्यावर वाजवायची सक्ती, त्यांच्यावर बंदी. दोन्हीकडं ठोका कधी पडायचा ते मालक ठरवणार! काळ्यांनी मग टाळ्यांवर, मांड्यांवर, पायांवर ठोका जिवंत ठेवला. त्याच वारशातून १९६० च्या दशकात फंक संगीत उभं राहिलं. जेम्स ब्राउननं पहिल्या मात्रेवर सगळा भार टाकला. गिटार काय, पिपाण्या काय, सगळ्यांना ढोलासारखं वागायला लावलं. किंग यांचा खून झाला त्याच १९६८ साली काळेपणाचा अभिमान मोठ्यानं गाणारं गाणं त्यानं काढलं. (हाच ब्राउन १९७२ ला निक्सनच्या पाठीशी उभा राहिला. असे आपल्याकडं काय कमी आहेत?)

त्याचा ढोलवाला क्लाइड स्टबलफील्ड. मोठ्या ठोक्यांच्या मधल्या जागेत तो इतके हलके ठोके भरायचा की कानाआधी अंगाला कळावेत. आपल्या डफड्यावर जाड टिपरू ठोका देतं आणि बारीक काडी मधली जागा भरते. काम तेच. १९६९ ला मुद्रित झालेल्या 'फंकी ड्रमर'मधला त्याचा काही सेकंदांचा तुकडा पुढं शेकडो रॅप गाण्यांनी उचलला. पब्लिक एनिमीच्या १९८९ च्या 'फाइट द पॉवर'मध्येही तो आहे. गाण्याचे हक्क ब्राउनच्या नावावर. स्टबलफील्डला त्या उचलेगिरीतून जवळपास काहीच मिळालं नाही. २०१७ ला तो वारला.

वाचून चीड आली ना? आता आपल्या मांडवात या. वंदना झाली, पंगत बसली. डफडेवाले कुठं आहेत? मांडवाबाहेर, चपलांजवळ. जेवण शेवटी. ठरल्या पैशातही "ढिलं वाजवलं" म्हणून कापाकापी. हे पाटलानं नाही केलं. जयभीमवाल्यानं केलं. मी केलं. बहिणीच्या लग्नात पैशाची पिशवी माझ्याच हातात होती.

अण्णा भाऊंनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. आपण मातंगांना काय अर्पण केलं? उरलेला भात.

आणि डीजे म्हणजे मुक्ती म्हणणाऱ्यांनो, पेट्या कोणाच्या? भाडं कोणाच्या वाड्यात जातं? धान रोवणाऱ्या बायांची वर्गणी एका रात्रीत तिकडं ओतायची आणि वर डफड्याला गुलामी म्हणायचं!

रविवारी पुन्हा बैठक आहे. मी हेच मांडणार. हुकमानं वाजवणं नाही, ना दवंडीला, ना कोणाच्या मयतीला. पैसे आधी आणि कागदावर. जेवण पहिल्या पंगतीत, आपल्या शेजारी. आणि वाजवायचं त्यांनीच एकट्यानं नाही. आपल्या पोरापोरींनी त्यांच्या दारात जाऊन शिकायचं, त्यांना गुरुजी म्हणून. शिकवायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

परवा मी विचारायला गेलो होतो. म्हातारा अंगणात पऱ्हाटीच्या जाळावर डफडं शेकत बसला होता. सगळं ऐकून घेतलं, कातड्यावर बोट मारून पाहिलं आणि म्हणाला, "मागचे रायलेले पैसे आनले का?"

आणले नव्हते.