वाळूचें बिऱ्हाड

बदलीची नोकरी करणाऱ्या कुटुंबाचें बिऱ्हाड हलूं लागलें म्हणजे देवघर, भांडींकुंडीं आणि पुस्तकें यांची काळजी वडील मंडळी घेतात. परंतु घरांत खाऱ्या पाण्याचें मत्स्यालय असेल तर त्याचा भार बहुधा मुलांवरच पडतो. १९५१ सालीं मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलें. त्या काळीं सागरी मासे कांचेआड पाहावयाचे तर मुंबईच गांठावी लागे. आज तसेंच लहानसें मत्स्यालय दिवाणखान्यांत मावतें, आणि समुद्रापासून अडीचशे किलोमीटरांहून दूर असलेल्या आमच्या फुलंब्रीसारख्या गांवींही तें बिऱ्हाडाबरोबर येऊं शकतें. अशा स्थलांतरांत जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातें, त्या वाळूविषयीं या महिन्यांत चार शब्द लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

पुष्कळांची समजूत अशी कीं, वाळू ही केवळ शोभेची. गोणींत भरली, नव्या घरीं ओतली, कीं काम झालें. ही समजूत माशांच्या जिवावर बेतते. माशांचा मळ व उरलेलें अन्न यांपासून पाण्यांत अमोनिया उत्पन्न होतो, आणि तो माशांस विषच होय. दगडांवर व वाळूच्या कणांवर वसणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट करितात. नायट्रेट त्या मानानें सौम्य. हें कार्य वरच्या थरांत, जेथें प्राणवायु पोंचतो तेथें, चालतें. खालच्या थरांत मात्र गाळ सांचत जातो, आणि प्राणवायूच्या अभावीं तेथें सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायु तयार होऊं शकतो. थर स्थिर आहे तोंवर हें सर्व दबलेलें असतें. टांकी हलवितांना वाळू ढवळली कीं तो सारा मळ एकदम पाण्यांत मिसळतो, आणि प्रवासानें आधींच शिणलेले मासे एका रात्रींत दगावूं शकतात.

मग जुनी वाळू सगळीच टाकावी काय? नवें दहीं लावण्यास जुनें दहीं सगळें लागत नाहीं, विरजण पुरतें, हें घरांतील भगिनींस सांगावयास नको. येथेंही तोच न्याय. मासे व दगड काढण्यापूर्वीं वरच्या थरांतील दोन-चार वाट्या स्वच्छ वाळू हलक्या हातानें घ्यावी आणि टांकीच्याच पाण्यांत ओली ठेवून न्यावी. वाळली कीं जंतु मरतात. जंतूंची मोठी वस्ती दगडांवर असते, म्हणून तेही ओलेच न्यावे. उरलेली वाळू एकतर टाकावी, नाहीं तर पुनःपुन्हां धुऊन नवी समजून वापरावी. माशांच्या भांड्यांत वाळू मुळींच घालूं नये. उन्हाळ्यांत आमच्या मराठवाड्यांत पारा चाळिशीपलीकडे जातो; तेव्हां प्रवास रात्रींचाच करावा.

नवी वाळू निवडतांना रंगापेक्षां द्रव्य पाहावें. आमच्या तालुक्यांतून गिरिजा नदी वाहते. तिची वाळू सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाच्या काळ्या पाषाणाची. त्या पाषाणांत लोहयुक्त खनिज असतें. घर बांधण्यास ती उत्तम, प्रवाळांस नव्हे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही इल्मेनाइट या काळ्या खनिजाची वाळू आढळते; म्हणजे समुद्राची वाळू तेवढी चांगली, असेंही नाहीं. प्रवाळांच्या टांकीस चुनखडीच्या जातीची, अरॅगोनाइट नांवाची वाळू योग्य. परीक्षा सोपी आहे. स्थालीपुलाकन्यायानें मूठभर वाळू बशींत घेऊन तीवर लिंबाचा रस पिळावा. बुडबुडे आले तर ती चुन्याची. मग वाळलेल्या वाळूंतून लोहचुंबक फिरवावा. त्यास कण चिकटले तर ती वाळू परत करावी. कण मैद्यासारखे असूं नयेत, पंपाच्या प्रवाहानें ते उडतात. साबुदाण्याएवढेही नकोत, त्यांच्या फटींत मळ अडकतो. जाड्या रव्याएवढे, सुमारें १ मिलिमीटरचे, बरे.

येथें एक इशारा अवश्य दिला पाहिजे. सहलीला गेल्यावर किनाऱ्यावरील पांढरे प्रवाळखंड वेंचून ते कुटण्याचा मोह होतो. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत प्रवाळांचा समावेश आहे, आणि मेलेलें प्रवाळही त्यांतून सुटत नाहीं. २०२० सालीं मुंबईच्या किनारी रस्त्यासाठीं वरळी व हाजी अली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती हलवाव्या लागल्या, तेव्हां महानगरपालिकेसही वन्यजीव खात्याची परवानगी घ्यावी लागली. मग आपण घरगुती माणसांनीं किती जपावें! टांकींतील प्रवाळ कोठून आले याचे कागदही जवळ असूं द्यावे. बहामा बेटांजवळ समुद्राच्या पाण्यांतील चुना कणांभोंवतीं जमून गोल दाण्यांची वाळू बनते. अशी वाळू घेतली म्हणजे प्रवाळ कुटण्याचें पाप लागत नाहीं.

आतां हिशेब. टांकी ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि थर २ इंचांचा धरल्यास पाऊण घनफूट, म्हणजे सुमारें २१ लिटर वाळू लागेल. लिटरास दीड किलो धरून वजन सुमारें ३२ किलो. ती बादलींत थोडी थोडी घेऊन, पाणी निवळ येईपर्यंत धुवावी. शेवटचें धुणें आरओच्या पाण्यानें करावें. टांकींत प्रथम दगड तळाच्या कांचेवर नीट बसवावे आणि नंतर भोंवतीं वाळू पसरावी. उलट केल्यास वाळू उकरणारे मासे दगडाखालचा आधार काढून घेतात आणि दगड कोसळतो. हजार भागांत ३५ भाग क्षार असलेलें पाणी थाळीवर ओतावें, म्हणजे थर विसकटत नाहीं. पाणी निवळल्यावर विरजणाची वाळू वर भुरभुरावी आणि मग मासे सोडावे. पहिले दोन आठवडे अन्न थोडें द्यावें व अमोनियाची परीक्षा रोज करावी. तो दिसला तर कांहीं पाणी तत्काळ बदलावें.

मुलांना हें काम सांगतांना वडिलांनीं एक दिवस जवळ बसावें. मासा मेला तर दुसरा विकत मिळतो, असें मुलांस शिकविण्यापेक्षां तो कां मेला असता आणि कसा वांचला, हें शिकविणें अधिक मोलाचें आहे.