पेटीतली पुस्तकं, घरातली मतं

रविवारची दुपार. सोसायटीतल्या कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत पंधरा-वीस जण जमलेत. मध्ये एक पेटी उघडी पडलीय. चहाचे कप फिरताहेत आणि हात मात्र पेटीत! कुणी कादंबरी उचलतं, कुणी चरित्र, एखादं पोर फास्टर फेणे पळवतं. ज्यांना उशीर झाला ते उरलेलं घेतात आणि ‘हे आम्ही कधी निवडलं नसतं’ असं म्हणत घरी जातात.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीनं विनायक रानडे यांनी २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला, त्यातलं हे दृश्य. लोकांच्या देणग्यांतून पुस्तकं घ्यायची, साधारण पंचवीस पुस्तकांची एक पेटी करायची आणि ती वाचकांच्या गटाकडे विनामूल्य सोपवायची. ठरावीक काळानं एका गटाची पेटी दुसऱ्याकडे जाते. नाशिकहून निघालेल्या या पेट्या महाराष्ट्राबाहेर आणि पुढे दुबईपर्यंत पोहोचल्या. गावोगावच्या महिला मंडळांत चालणाऱ्या पुस्तक-भिशीचं तत्त्वही याच्याच जवळचं. पुस्तकं सरमिसळ असतात. पाककृती, पुराण, आत्मचरित्र, विज्ञान, सगळं एकाच गठ्ठ्यात. त्यामुळे परीक्षण लिहिणारे ज्या पुस्तकांना एकत्र बसवणार नाहीत, ती वाचकाच्या उशाशी मात्र एकत्र येतात.

खरी गंमत असते पुस्तक परत करताना. ‘कसं वाटलं?’ या प्रश्नाला पहिलं उत्तर हमखास ‘छान आहे’ हेच येतं. अमुक लेखकाला नावं कशी ठेवायची, ही भीती. दुसरा चहा झाला, की मग खरी मतं बाहेर पडू लागतात.

कर्ण कुणाचा?

शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. सावंत तेव्हा कोल्हापुरात शिक्षक होते. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण यांनी आपापल्या तोंडून सांगितलेली ही कथा मराठी घरांत अक्षरशः पारायणासारखी वाचली गेली. हिंदीत गेली आणि तिथेही तेच! इंदूर-भोपाळकडचे, मराठीचा गंध नसलेले शेजारीसुद्धा मराठी माणसाला पहिला प्रश्न ‘मृत्युंजय’वरून विचारतात. मराठी समीक्षकांचा सूर मात्र थंड होता. भाषा फार अलंकारिक, नायक फारच उजळ, ही तक्रार जुनीच. वाचकांनी ती ऐकली आणि बाजूला ठेवली.

आता योगायोग पाहा. त्याच वर्षी, म्हणजे १९६७ मध्येच इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ आलं. मानववंशशास्त्राच्या अभ्यासक असलेल्या इरावतीबाईंनी महाभारतातल्या माणसांकडे माणसं म्हणूनच पाहिलं, भक्तिभाव बाजूला ठेवून. पुढच्याच वर्षी पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हा कर्ण वेगळा आहे. आपण कोण, हा प्रश्न त्याला आयुष्यभर छळतो आणि ऐन प्रसंगी तो कमीही पडतो. द्यूतसभेत द्रौपदीविषयी त्यानं काढलेले उद्गार, गंधर्वांसमोरून घेतलेली माघार, हे सगळं मूळ महाभारतातलंच आहे.

ही दोन पुस्तकं एकाच गटात पाठोपाठ फिरली, तर वाद ठरलेला. ‘मृत्युंजय’वाले दुखावतात. त्यांच्यातले बरेच जण आधी ‘मृत्युंजय’ आणि मग, कधी जमलंच तर, महाभारत अशा क्रमानं आलेले असतात. वृषालीला मूळ ग्रंथात एवढी जागाच नाही, हे कळल्यावर काहींना फसवल्यासारखं वाटतं. याउलट, लहानपणी ‘सूतपुत्र’ या शब्दाशी आपल्या घरातला कुठला तरी अपमान जोडून ज्यांनी ती कादंबरी वाचली, त्यांना इरावतीबाईंचा हिशेब कठोर वाटतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. सावंतांनी कर्णाची वकिली केली. ती त्यांनी लपवलेलीही नाही, पुस्तकाच्या नावातच आहे. चूक वाचकाची होते ती वकिलाच्या भाषणाला निकालपत्र समजण्यात. ‘युगान्त’ नंतर वाचावं, हा क्रम बरा. आधी वाचलं तर ‘मृत्युंजय’मधलं रडू येत नाही, आणि ते रडू एकदा तरी यायला हवं.

एकच आई, तीन वयं

‘श्यामची आई’बद्दल मत विचारणंच अनेक घरांत पाप समजलं जातं! साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत यातला बराच भाग लिहून काढला. १९३५ मध्ये पुस्तक आलं. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांचा चित्रपट आला आणि राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवून गेला. गुरुजी गेले १९५० मध्ये. कायद्यानुसार साठ वर्षांची मुदत संपली आणि २०११ पासून कुणालाही हे पुस्तक छापता येऊ लागलं. तेव्हापासून फुटपाथपासून मॉलपर्यंत त्याच्या आवृत्त्याच आवृत्त्या दिसतात.

आजोबा ते नातवाच्या वाढदिवसाला भेट देतात. नातू चार प्रकरणं वाचून ठेवून देतो. ‘यात सगळे सारखे रडतात,’ अशा तक्रारीवर आजोबा रागावतात. पण मुलाचं म्हणणं खोटं नाही. या पुस्तकात रडणं भरपूर आहे. कोकणातलं ते घर, ते सोवळं, ती गरिबी त्यानं पाहिलेली नाही. त्याला ते एकट्यानं वाचायला देण्याऐवजी रोज रात्री एक प्रकरण वाचून दाखवलं तर गोष्ट वेगळी. पुस्तकाची रचनाच तशी आहे. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो.

सगळ्यात वेगळं मत येतं ते मधल्या पिढीतल्या बाईकडून. दहाव्या वर्षी तिनं ते श्यामच्या बाजूनं वाचलेलं असतं. चाळिशीत मुलांना वाचून दाखवताना तीच पानं आईच्या बाजूनं वाचली जातात. एकत्र कुटुंबातून बाहेर पडावं लागलं, डोक्यावर कर्ज, सावकाराच्या माणसानं दारात येऊन केलेला अपमान, अंगावर काढलेलं आजारपण. ओवाळणीचे पैसे हातात आले तेव्हा स्वतःला काही न घेता नवऱ्याचं फाटलेलं धोतर आठवणारी ती बाई. श्यामला त्यात त्याग दिसतो. वाचणारीला दमलेली तरुण स्त्री दिसते. तिला कुणी तरी एकदा ‘बस जरा’ म्हणायला हवं होतं, असं तिला वाटून जातं. हे मत ती बोलून दाखवते तेव्हा खोलीत क्षणभर शांतता होते. पुस्तकाचा अपमान यात कुठेच नाही. उलट, नव्वद वर्षांनंतरही त्यातली आई इतकी खरी वाटते याचंच हे प्रमाण आहे.

नवऱ्याविषयी लिहिलेलं

शांततेवरून आठवलं, सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० मध्ये आलं तेव्हा घराघरांत शांतता नव्हती, भांडणं होती. ‘व्यक्ती आणि वल्ली’वर जीव टाकणाऱ्या महाराष्ट्राला पु. ल. देशपांडे यांचं घरातलं रूप त्यांच्याच पत्नीच्या लेखणीतून वाचावं लागलं. अनेक पुरुष वाचक चिडले. घरातलं बाहेर कशाला, हा त्यांचा सवाल. चिडलेल्यांत बायकाही होत्या. पण बऱ्याच जणींनी ते पुस्तक दुपारी, घर रिकामं असताना वाचलं आणि त्याबद्दल मोठ्यानं काही म्हटलं नाही. नवऱ्याची प्रतिभा मान्य, प्रेमही मान्य, पण घर चालवताना आपलं काय राहून गेलं, हा हिशेब लिहून ठेवण्याचा हक्क बाईला आहे की नाही, एवढाच तो प्रश्न होता. पु.लं.च्या जागी कुणी सामान्य माणूस असता तर पुस्तक इतकं खपलं नसतं, हे खरंच. पण वाचणाऱ्या स्त्रीचा नवरा सामान्यच होता, आणि तिला ते तरीही ओळखीचं वाटलं.

गंमत म्हणजे, हेच घरातलं बाहेर लक्ष्मीबाई टिळकांनी कितीतरी आधी आणलं होतं. लिहायला-वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या. नवरा, कवी ना. वा. टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला आणि त्या पुढची काही वर्षं वेगळ्या राहिल्या. १९३४ पासून भागाभागानं आलेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये टिळकांचा संताप, विसरभोळेपणा, घरातलं सगळं उचलून देऊन टाकण्याची सवय, काहीही झाकलेलं नाही. तरी या पुस्तकावर कुणी चिडत नाही. का? लक्ष्मीबाई हसवत सांगतात म्हणून, असं सगळे म्हणतात. बाईनं हसत सांगितलं तर चालतं आणि गंभीर होऊन सांगितलं तर चालत नाही, हा भेद वाचकांचाच आहे. दोन्ही पुस्तकं एकाच महिन्यात वाचली तर तो चटकन लक्षात येतो.

अर्ध्यावर सोडलेली पुस्तकं

‘कोसला’चं नाव निघालं की दोन तट पडतात. १९६३ मध्ये भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते, पांडुरंग सांगवीकरही पंचविशीतलाच. विशीत ही कादंबरी हाती लागलेली मुलं पुढची काही वर्षं पांडुरंगच्याच भाषेत बोलायची! पन्नाशीत पहिल्यांदा उघडणारे बहुधा शंभर पानांच्या आत थांबतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. काही पुस्तकांची वेळ चुकते.

‘बलुतं’ अर्ध्यावर राहतं ते वेगळ्या कारणानं. दया पवारांचं हे आत्मकथन १९७८ मध्ये ‘ग्रंथाली’नं काढलं. ग्रंथाली ही वाचक चळवळ म्हणूनच सुरू झाली होती. वाचकांपर्यंत चांगलं पुस्तक परवडेल अशा दरात पोहोचवायचं, हा तिचा हेतू. ‘बलुतं’मध्ये दगडू पवार दया पवारला आपली कहाणी सांगतो. शिकलेला, नोकरीला लागलेला माणूस आणि महारवाड्यातलं पोर, दोघं एकच. त्या काळी पवारांच्या स्वतःच्या समाजातूनही नाराजी उमटली, की हे उघड्यावर कशाला मांडायचं? ‘आहे मनोहर तरी’ला विचारला गेला तोच प्रश्न, फक्त बारा वर्षं आधी आणि वेगळ्या वस्तीतून.

पेटीतलं हे पुस्तक घरी नेणारे बरेच असतात, बोलणारे कमी. ‘वाचवलं नाही’ एवढंच सांगून परत ठेवलं जातं. कुणाला त्यात आपलंच बालपण दिसतं आणि ते चारचौघांत सांगायचं नसतं. कुणाला आपल्या गावाच्या दुसऱ्या टोकाला कधी गेलोच नाही, हे कळतं आणि तेही सांगवत नाही. गटात दोन्ही प्रकारचे वाचक शेजारी-शेजारी बसलेले असले, तर ‘छान आहे’ हे नेहमीचं उत्तरही तिथे कामाला येत नाही. अशा वेळी मत सांगण्याचा आग्रह कुणी धरू नये. पुस्तक पुन्हा कोण मागून नेतो, तेवढं पाहावं.

मीठ कमी घालावे

आणि एका पुस्तकाबद्दल मत कुणी विचारतच नाही. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये निघाली. जेमतेम चार यत्ता शिकलेल्या बाईनं लिहिलेल्या या पुस्तकाच्या लाखावर प्रती गेल्या. वजनकाट्याऐवजी वाटी आणि चमच्याचं माप देण्याची सोपी युक्ती कमलाबाईंनी केली. नव्या लग्नानंतर बडोद्याला, हैदराबादला किंवा दिल्लीला एकटीच संसार मांडणाऱ्या मुलीला सासू-आईविना पुरणपोळी जमली ती या वाटीच्या मापामुळे. तरीही ‘तुमचं आवडतं पुस्तक’ विचारलं की हे नाव कुणी घेत नाही. स्वयंपाकाचं ते काय पुस्तक!

त्याची जुनी प्रत उघडून पाहावी. हळदीचे डाग, तुपानं पारदर्शक झालेली पानं, आणि समासात पेन्सिलीनं लिहिलेलं: मीठ कमी घालावे. साखर पाऊण वाटी पुरते. ह्यांना आवडले नाही. दिवाळीला दुप्पट केले. एका पुस्तकाविषयी एका वाचकानं चाळीस वर्षं नोंदवलेली मतं!

मुलगी बंगळुरूला बिऱ्हाड थाटायला निघते तेव्हा तिला ‘रुचिरा’ हवी असते. दुकानात नवी प्रत मिळते, हे तिला माहीत असतं. तिला जुनीच हवी असते. आणि आई ती द्यायला तयार नसते, कारण अनारशांचं तिचं प्रमाण त्याच पानावर आहे.